संत जोसेफ कालासांझ आणि गरिबांच्या मुलांची शाळा



२५ ऑगस्टला चर्चच्या दिनदर्शिकेत संत जोसेफ कालासांझ यांचे नाव असते. मिस्सात ते एकदा उच्चारले जाते. पाठोपाठ २७ला संत मोनिका आणि २८ला संत ऑगस्टीन येतात आणि या संताची आठवण तिथेच राहते. आपल्या धर्मग्रामात त्यांचे फेस्त होत नाही, वेदीवर त्यांची मूर्तीही नाही. पण धर्मशिक्षणाचे वर्ग घेणाऱ्या आम्हा मंडळींनी तरी त्यांना आपले म्हणावे असे मला वाटते. कारण रोममध्ये त्यांची सुरुवात आमच्यासारखीच झाली. सुट्टीच्या दिवशी मुलांना गोळा करून प्रार्थना आणि श्रद्धेची तत्त्वे शिकवणाऱ्यांपैकी ते एक होते. फरक एवढाच, की एवढ्याने भागत नाही हे त्यांना लवकर कळले आणि कळल्यावर ते गप्प बसले नाहीत.

कालासांझ मूळचे स्पेनचे. आरागॉनमधल्या पेराल्ता दे ला साल या लहानशा गावी १५५७च्या सुमारास त्यांचा जन्म झाला. कायदा आणि ईश्वरविद्या शिकून १५८३ साली ते धर्मगुरू झाले. पुढे महागुरूंच्या हाताखाली जबाबदारीची कामे केली. १५९२ मध्ये ते रोमला आले, ते मात्र गरिबांच्या सेवेसाठी नव्हे. स्पेनमधल्या एखाद्या कॅथेड्रलमध्ये कॅननचे पद मिळावे अशी त्यांची इच्छा होती. त्या पदाला मान असे आणि ठरलेले उत्पन्नही असे. त्यासाठी रोममध्ये खटपट करायची आणि काम झाले की परत जायचे, असा सरळ बेत होता. राहायला कार्डिनल मार्कांतोनियो कोलोन्ना यांचा वाडा मिळाला. संतांच्या चरित्रांतल्या अशा जागा मला फार आवडतात. नोकरीच्या कामासाठी माणूस शहरात येतो आणि देव त्याला भलत्याच गल्लीत नेऊन उभा करतो. कालासांझ ५६ वर्षांनी वारले, तेही रोममध्येच.

ती गल्ली त्यांना दिसली कॉन्फ्रारियामुळे. त्या काळी रोममध्ये असे अनेक बंधुसंघ होते. त्यांतला एक बारा प्रेषितांच्या नावाचा. त्याचे सभासद आजारी आणि गरीब माणसांच्या घरी जात, विचारपूस करत, मदत पोचवत. कालासांझ त्यात दाखल झाले आणि वस्त्या-वस्त्यांतून फिरू लागले. घरात आजारी बाप, धुणी धुणारी आई आणि दिवसभर रस्त्यावर असलेली मुले त्यांना दिसू लागली. जुगार, चोरी, शिवीगाळ हेच त्या मुलांचे शिक्षण होते. ख्रिस्ती शिक्षणाचा बंधुसंघ या मुलांना रविवारी आणि सणाच्या दिवशी गोळा करून धर्मतत्त्वे शिकवी. कालासांझ त्याही संघात होते. मुले पाठ करत, म्हणून दाखवत आणि सोमवारी पुन्हा रस्त्यावर. ज्याला अक्षर येत नाही आणि ज्याच्या हातात कसब नाही, त्या मुलाचा सोमवार ते शनिवार कोण सांभाळणार, हा प्रश्न तिथे उभा राहिला.

रोममध्ये शाळा नव्हत्या असे मुळीच नाही. पेठेपेठेतून शहराकडून थोडे वेतन घेणारे मास्तर होते, पण तेवढ्या वेतनात त्यांचे भागत नसे. मग ते मुलांकडून फी घेत आणि फुकट शिकणारी मुले अगदी मोजकी ठेवत. कालासांझ त्यांच्याकडे गेले. आणखी गरीब मुले घेऊ, पण आमचा पगार वाढवून द्या, असे उत्तर मिळाले. शहराने पगार वाढवला नाही. ते येशूसंघीयांकडे गेले. त्यांची रोममधली शाळा १५५१पासून चालू होती आणि तिथे फी नव्हती. पण तिथे शिकवणे लॅटिनपासून सुरू होई. लिहिता-वाचता येणाऱ्या मुलालाच आत घेत. डॉमिनिकन संघाकडे गेले, तर हे आमचे काम नव्हे असे सांगण्यात आले.

इथे थोडे थांबून पाहण्यासारखे आहे. यांपैकी कोणीही दुष्ट नव्हते. मास्तरांना खरेच पोट होते. येशूसंघीयांची शाळा खरोखरच फुकट होती आणि तिथे नियम सर्वांना सारखाच होता. पण दार उघडे असूनही पहिली पायरी इतकी उंच होती, की गरिबाच्या मुलाचा पाय तिथे पोचत नव्हता. फी माफ केली म्हणजे शाळा गरिबाला उघडली असे आपण धरून चालतो. वही कोण देणार, घरी अभ्यास कोण घेणार, दाखल्याचे कागद कोण भरणार, प्रवेशाच्या मुलाखतीला आईने कोणत्या भाषेत बोलायचे, या सगळ्या त्याच पायऱ्या आहेत.

शेवटी कालासांझ यांना जागा मिळाली ती एका धर्मग्रामात. टायबर नदीपलीकडच्या त्रास्तेवेरे भागात सांता दोरोतेआ नावाचे लहान चर्च आहे. तिथले धर्मगुरू अंतोनियो ब्रेंदानी आधीपासून काही मुलांना थोड्या फीवर शिकवत होते. सॅक्रिस्टीला लागून दोन खोल्या होत्या. कालासांझ आणि ख्रिस्ती शिक्षणाच्या बंधुसंघातले काही सोबती तिथे शिकवायला येऊ लागले. कालासांझ यांची अट एकच होती. गरिबांकडून काही घ्यायचे नाही, उलट कागद, शाई, लेखणी, पुस्तक आपण द्यायचे. हे १५९७ सालचे शरद ऋतूतले दिवस. शाळेला नाव पडले स्कुओले पिए, म्हणजे भक्तिशाळा म्हणा किंवा धर्मशाळा म्हणा. आपल्याकडे धर्मशाळा या शब्दाचा अर्थ वेगळा असला, तरी मला तो इथे चुकीचा वाटत नाही.

युरोपातली ही पहिली फुकट सार्वजनिक शाळा, असे पुष्कळ ठिकाणी छापलेले असते. ‘पहिली’ या शब्दावर मी फार भार देणार नाही. ११७९च्या तिसऱ्या लॅटरन सभेनेच प्रत्येक कॅथेड्रलला आज्ञा केली होती, की गरीब विद्यार्थ्यांना पैसे न घेता शिकवणारा एक शिक्षक ठेवावा. म्हणजे विचार नवा नव्हता, चर्चच्या कागदावर तो चारशे वर्षे होताच. सांता दोरोतेआमध्ये नवीन होते ते हे, की कोणी एकाने अगदी खालच्या पायरीपासून, म्हणजे अक्षरओळखीपासून, रोजच्या रोज आणि येईल तितक्या मुलांसाठी ते करून दाखवले. सुरुवातीला मूल गरीब असल्याचा धर्मगुरूंचा दाखला मागत. पुढे ती अट गळून पडली. तहसीलदार कचेरीत उत्पन्नाच्या दाखल्यासाठी रांगेत उभे राहिलेल्यांना त्या अटीच्या गळून पडण्याची किंमत सांगायला नको.

दुसऱ्याच वर्षी, १५९८च्या नाताळाच्या आदल्या दिवशी टायबरला पूर आला. रोमच्या इतिहासातला नोंदलेला सर्वांत मोठा पूर तो. त्रास्तेवेरे नदीकाठचेच. कालासांझ चिखलातून लोकांना मदत पोचवत फिरले. १६०० साली शाळा नदी ओलांडून शहराच्या मध्यवस्तीत आली, कारण मुले तिथेही होती. मग एकामागून एक भाड्याच्या जागा. एका जागी शाळेची घंटा टांगायला ते स्वतः वर चढले आणि पडून पाय मोडून घेतला. १६१२ मध्ये पियाझ्झा नाव्होनाजवळचे सान पांतालेओ हे कायमचे ठिकाण मिळाले. तोवर मुलांची संख्या हजाराच्या पलीकडे गेली होती.

हजार मुले सांभाळायची म्हणजे नुसत्या दयेवर काम होत नाही. त्यांनी शाळेचे नऊ वर्ग पाडले. नववा सर्वांत खालचा. तिथे भिंतीवर मोठ्या अक्षरांचे तक्ते टांगलेले असत. मास्तर काठीने दाखवत आणि सगळी मुले एकदम म्हणत. प्रत्येकाच्या हाती पुस्तक देणे परवडत नव्हते, त्यावर काढलेला हा उपाय. वर गेल्यावर वाचन, मग सुंदर अक्षर आणि हिशेब, आणि ज्यांना पुढे शिकायचे त्यांना लॅटिन. अक्षर आणि हिशेबावर कालासांझ यांचा फार जोर होता. गरिबाच्या घरी मूल दहा वर्षे शिकत बसू शकत नाही, ते लवकर कमावते व्हायला हवे, हे त्यांना ठाऊक होते. चांगले अक्षर आणि पक्का हिशेब असला की दुकानात, पेढीवर किंवा कचेरीत कारकुनी मिळे. शाळा सुटली की मास्तर मुलांच्या रांगा करून त्यांना घराच्या वाटेवर सोडायला जात. स्वतः कालासांझ म्हातारपणापर्यंत त्या रांगेबरोबर चालत. ज्या रस्त्याने मुलांना बिघडवले होते, त्याच रस्त्याने मास्तराने त्यांना घरी पोचवायचे.

१६१७ साली पोप पाचवे पॉल यांनी शिक्षकांच्या या मंडळीला व्रतस्थ मंडळाची मान्यता दिली आणि १६२१ मध्ये पंधरावे ग्रेगरी यांनी तिला पूर्ण व्रतस्थ संघ केले. पायरिस्ट या नावाने तो आज ओळखला जातो. दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन या तीन व्रतांबरोबर मुलांना शिकवण्याचे चौथे व्रत ते घेतात. मान्यता सहज मिळाली नाही. ज्या कार्डिनल तोंती यांच्याकडे हा विषय होता, ते नवा संघ काढण्याच्या विरोधात होते. कालासांझ यांनी त्यांना एक लांब निवेदन लिहिले आणि ते वाचून तोंती यांचे मत बदलले. मुलांना शिकवण्याचे काम चर्चमधल्या इतर कोणत्याही सेवेपेक्षा कमी प्रतीचे नाही, हा त्या निवेदनाचा गाभा.

तोंती यांचे समाधान झाले तरी एक हरकत मात्र कालासांझ यांच्या हयातीत कधीच संपली नाही. गरिबांची मुले लिहू-वाचू लागली, तर ओझी कोण वाहणार? जोडे कोण शिवणार, शेत कोण नांगरणार? शिकलेला गरीब आपल्या जागी समाधानी राहणार नाही आणि राज्यात गडबड होईल. हे म्हणणारे मोठे, शिकलेले आणि मिस्साला नेमाने येणारे लोक होते. त्यांना उत्तर द्यायला कलम उचलली ती तोमासो कांपानेला या डॉमिनिकन तत्त्वज्ञाने. नेपल्सच्या तुरुंगात २७ वर्षे काढून आलेला हा माणूस. त्याने १६३१च्या सुमारास या शाळांच्या समर्थनार्थ एक पुस्तिकाच लिहिली. हरकत मात्र मेली नाही. १८०७ साली ब्रिटिश पार्लमेंटमध्ये धर्मग्रामांच्या शाळांचा कायदा पुढे आला, तेव्हा डेव्हिस गिडी नावाच्या सभासदाने हेच म्हटले, की शिक्षणाने गरीब आपल्या नशिबावर नाराज होतील. तो कायदा मंजूर झाला नाही. आजही घरकामाला येणाऱ्या बाईची मुलगी बारावीला गेली की ‘आता ही पुढे कामाला येणार नाही’ असे आपल्याच घरांत हसत हसत म्हटले जाते.

आता चरित्रातला कठीण भाग. फ्लॉरेन्समधले काही पायरिस्ट मास्तर गणितात पारंगत होते आणि त्यांचे गॅलिलिओकडे जाणे-येणे होते. १६३३ मध्ये इन्क्विझिशनने गॅलिलिओला दोषी ठरवल्यावरही ते थांबले नाही. गॅलिलिओ आंधळे झाले, तेव्हा क्लेमेंते सेत्तिमी नावाचा पायरिस्ट त्यांचा लेखनिक म्हणून काम करी. १६३९ साली कालासांझ यांनी तिथल्या वरिष्ठांना लिहून कळवले, की गॅलिलिओ यांनी सेत्तिमींना रात्री मुक्कामाला ठेवायचे म्हटले तर परवानगी द्यावी. शिक्षा झालेल्या वृद्धाला ऐंशी वर्षांच्या दुसऱ्या वृद्धाने केलेली ही मदत मला फार मोठी वाटते. संघातल्याच मारिओ सोत्झी या माणसाने आपल्या सहकाऱ्यांविरुद्ध इन्क्विझिशनकडे तक्रारी केल्या आणि तिथली मर्जी संपादन केली. ८ ऑगस्ट १६४२ रोजी भर उन्हात कालासांझ यांना पहाऱ्यात रोमच्या रस्त्यांवरून नेण्यात आले. त्याच दिवशी सोडले खरे, पण पुढच्या वर्षी त्यांच्याकडून संघाचे प्रमुखपद काढून घेतले. सोत्झी वारल्यावर सूत्रे स्तेफानो केरुबिनी यांच्या हाती गेली.

या केरुबिनींविषयी भक्तिपर पुस्तकांत थोडकेच असते, म्हणून इथे लिहितो. बरीच वर्षे आधी नेपल्सच्या शाळेत मुलांशी गैरवर्तन केल्याचे आरोप त्यांच्यावर आले होते. घराणे वजनदार होते. कालासांझ यांनी प्रकरण बाहेर जाऊ दिले नाही आणि त्यांना वरचे पद देऊन तिथून हलवले. हे कालासांझ यांच्या स्वतःच्या पत्रांतूनच दिसते. संत झाले म्हणून त्यांचे हे करणे योग्य ठरत नाही. गरिबाचे मूल शाळेत येते, तेव्हा त्याच्या बाजूने बोलायला मागे वकील किंवा ओळखीचा माणूस नसतो. त्याला सर्वांत आधी सुरक्षितता लागते आणि ती नेपल्समध्ये मिळाली नाही. ज्याला त्यांनी वाचवले, त्याच्याच हाताखाली शेवटी त्यांना दिवस काढावे लागले.

१६ मार्च १६४६ रोजी पोप दहावे इनोसंट यांच्या आदेशाने संघ जवळजवळ मोडला. व्रते संपली, नवीन माणसे घेणे बंद झाले, असलेल्यांना दुसरीकडे जायला मोकळीक दिली. कालासांझ तेव्हा ९०च्या घरात होते. त्यांनी ठिकठिकाणच्या मास्तरांना पत्रे लिहिली. सूर तक्रारीचा नव्हता. टिकून राहा, शाळा चालू ठेवा, एवढेच सांगणे. २५ ऑगस्ट १६४८ रोजी सान पांतालेओमध्ये त्यांचे निधन झाले. त्या दिवशी त्यांचा संघ कागदावर नव्हता, पण खालच्या मजल्यावर वर्ग भरत होते. १६५६ मध्ये काही अंशी आणि १६६९ मध्ये संघाला पुन्हा पूर्ण मान्यता मिळाली. १७६७ साली कालासांझ संत म्हणून घोषित झाले आणि १९४८ मध्ये पोप बारावे पायस यांनी त्यांना सर्वसामान्यांसाठीच्या सगळ्या ख्रिस्ती शाळांचे आश्रयदाते केले.

सगळ्या ख्रिस्ती शाळांचे, म्हणजे आपल्याही. म्हणून एक गोष्ट बोलायला हवी. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याने खासगी शाळांना प्रवेशाच्या पहिल्या वर्गात किमान २५ टक्के जागा दुर्बल आणि वंचित घटकांतल्या मुलांना द्यायला सांगितले. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने हा कायदा अल्पसंख्याकांच्या शाळांना लागू नाही असा निकाल दिला. घटनेने आपल्या शाळा चालवण्याचा जो हक्क आपल्याला दिला आहे, त्याचे रक्षण म्हणून हा निकाल आला. तो हक्क सोडावा असे मी म्हणत नाही. पण सूट मिळाली ती सक्तीतून. स्वखुशीने २५ जागा भरायला कोणत्या न्यायालयाने मनाई केलेली नाही. धर्मभगिनींच्या कितीतरी शाळा आणि बोर्डिंग हे काम गाजावाजा न करता करतात, हे मी पाहतो आहे. आणि फीच्या पाटीकडे पाहूनच रोजंदारीवरचा बाप फाटकातून मागे फिरतो, अशाही शाळा आहेत. शाळेच्या प्रवेशद्वारावर संताचे नाव आहे, वर्गात गवंड्याचा किंवा मोलकरणीचा मुलगा किती, हा प्रश्न पालक सभेत विचारायला कोणाची हरकत नसावी.

आपल्या जिल्ह्यात साखर कारखाने पुष्कळ. दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीच्या टोळ्या उतरतात, त्यांत बीडकडचीही कुटुंबे असतात. पाल ठोकले की लहान पोर धाकट्या भावंडाला सांभाळते आणि मोठे मोळ्या बांधू लागते. गावी त्याचे नाव पटावर असते, इथे जवळच्या शाळेत कन्नड शिकवतात आणि मार्चपर्यंत ते कुठल्याच वर्गात नसते. गेल्या हंगामात त्यांतली काही मुले सणाच्या मिस्साच्या वेळी आपल्या आवारात खेळायला येत. नऊ-दहा वर्षांच्या दोघांना स्वतःचे नाव लिहिता येत नव्हते.

फादरांशी बोलणे झाले आहे. नोव्हेंबरपासून सॅक्रिस्टीमागची खोली सोमवार, बुधवार आणि शुक्रवारी संध्याकाळी साडेपाच ते सात उघडी राहील. निवृत्त शिक्षिका दोन आहेत, कन्नड आणि मराठी दोन्ही शिकवणारे तिसरे कोणी हवे. वर्गात कधीही एकटा मोठा माणूस राहणार नाही, नेहमी दोघे, हे ठरले आहे. मुलांना पालापर्यंत सोडायला मोटारसायकलवाले चार तरुण लागतील, कारण सातनंतर त्या रस्त्यावर दिवे नाहीत. कोणत्याही धर्माचे मूल चालेल, दाखला मागणार नाही. पाट्या, अंकलिपी आणि भिंतीवरचे अक्षरांचे तक्ते द्यायचे असतील, तर रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर माझ्याकडे द्यावेत.